वैशाखातील वैरण वसुबारसेलाच मोजावी

चैत्र सरून वैशाख लागला, की आपल्या जिल्ह्यातील आठवडी बाजारांत एक दृश्य हमखास दिसू लागते. दावणीला बांधून ठेवावी अशी दुभती गाय मालक बाजारात घेऊन येतो आणि व्यापारी सांगेल त्या भावात तिचे दावे त्याच्या हाती देतो. गाय आजारी नसते, म्हातारीही नसते. तिच्या कासेत दूध असते, पण बरगड्या मात्र मोजता येतात. घरची वैरण संपलेली असते, विकतची परवडत नाही आणि पाऊस पडायला अजून दोन महिने असतात. पुढे मृगात हिरवे गवत उगवले, की तोच मालक तसलीच गाय विकत घ्यायला निघतो, आणि तेव्हा भाव चढलेले असतात. विकताना तोटा व घेताना तोटा, अशा या दुहेरी नुकसानीने लहान शेतकऱ्याचा दुधाचा धंदा मोडतो.

या नुकसानीचे मूळ उन्हाळ्यात शोधून उपयोग नाही. ते त्याच्या सहा महिने आधी, आश्विन-कार्तिकात, मळणीच्या खळ्यावर असते. उन्हाळ्यातील चाऱ्याची व्यवस्था उन्हाळ्यात करू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. म्हणून दिवाळीच्या पहिल्या दिवशी, वसुबारसेला, गाय-वासराची पूजा झाली की त्याच दिवशी तिच्या वैशाखातील वैरणीचे मोजमाप करावे, हे या लेखाचे सांगणे आहे.

जिल्ह्याची वैरण कशी बदलली

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत पूर्वी कपाशी व ज्वारी ही मुख्य पिके होती. ज्वारीने माणसाला भाकर दिली आणि गुरांना कडबा दिला. कपाशीने सरकी व सरकीची ढेप दिली. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, यावरून या भागात कपाशीचे महत्त्व किती जुने आहे हे ध्यानात येईल. कडबा आणि सरकी ही जोडी घरात असल्याने गाईच्या उन्हाळ्याची चिंता कमी असे.

गेल्या काही दशकांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. सोयाबीनने हाती लवकर पैसा दिला, ही गोष्ट नाकारता येत नाही. परंतु ज्वारी गेली तशी घरामागची कडब्याची गंजीही गेली, आणि तिच्या जागी काय आले याचा विचार पुष्कळ घरांत झालाच नाही. वास्तविक तिच्या जागी सोयाबीनचे कुटार आले आहे. मळणीयंत्रातून निघालेला हा ढीग बांधावर पडून राहतो, अवेळी पावसात कुजतो, किंवा हरभऱ्याच्या पेरणीसाठी रान मोकळे करावे म्हणून पेटवून दिला जातो.

एका घरचा हिशेब

मालेगाव तालुक्यातील एका गावी प्रस्तुत लेखक एप्रिलच्या अखेरीस गेला असता, तीन एकर शेती व दोन गाई असलेल्या एका शेतकऱ्याने आदल्याच बाजारात एक गाय विकल्याचे समजले. गाय वेळेला तीन, म्हणजे दिवसाला सहा लिटर दूध देत होती. खंत व्यक्त करताना तो म्हणाला, "साहेब, म्या गाय नाही इकली, तिची उपासमार इकली."

आम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडला. गाईला दिवसाला किती वैरण लागते, हे त्याला नेमके सांगता येईना. ते सांगितले त्याच्या घरधनिणीने, कारण गव्हाणीत वैरण टाकण्याचे काम रोज तिचेच होते. ती टोपल्याने मोजत होती. टोपलेभर कुटार तोलून पाहिले, तेव्हा ते अडीच किलो भरले. पुढील हिशेब त्या टोपल्यावरून सोपा झाला.

सर्वसाधारणपणे दुभत्या गाईला तिच्या वजनाच्या शेकडा अडीच ते तीन इतके कोरडे खाद्य, म्हणजे पाण्याचा अंश वजा जाता उरणारे खाद्य, रोज लागते. ३५० किलो वजनाच्या गाईस ते ९ ते १०॥ किलो होते. दिवसाला सहा लिटर दूध देणाऱ्या अशा गाईस ५ किलो कुटार किंवा कडबा, १० किलो हिरवी वैरण अथवा मुरघास, आणि सुमारे ४ किलो आंबोण दिले असता ही गरज भागते.

१ फेब्रुवारी ते ३० जून हे १५० दिवस टंचाईचे धरावेत. दिवसाला ५ किलो याप्रमाणे एका गाईस साडेसात क्विंटल सुकी वैरण लागेल. सांडलवंड व नासाडीसाठी पाचवा हिस्सा अधिक धरला, की हा आकडा ९ क्विंटल होतो. दोन गाईंना १८ क्विंटल. हिरवी वैरण किंवा मुरघास दोन गाईंना १५० दिवसांत ३० क्विंटल लागेल.

आता घरात काय होते ते पाहू. सोयाबीनच्या दाण्याचे जेवढे वजन भरते, साधारणपणे तेवढ्याच वजनाचे काड-कुटार निघते असे धरण्यास हरकत नाही. त्याच्या तीन एकरांत त्या वर्षी १६ क्विंटल सोयाबीन झाले होते. म्हणजे १५-१६ क्विंटल कुटार खळ्यावर पडले होते. त्यांतील एक ढीग त्याने पेटविला होता आणि दुसरा, मागणाऱ्याने नेला म्हणून, देऊन टाकला होता. विकलेल्या गाईची वैरण त्याच्याच शेतात पिकली होती. ती मोजली गेली नाही, एवढेच काय ते चुकले.

कुटार कसे जपावे

सोयाबीनच्या कुटारात गव्हांड्यापेक्षा प्रथिने थोडी अधिक असतात, परंतु त्याची काडी कठीण असते. गुरे शेंगांची फोलपटे व पाला आधी वेचून खातात आणि जाड काड्या गव्हाणीत ठेवतात. म्हणून केवळ सोयाबीनच्या कुटारावर गाय ठेवू नये. सुक्या वैरणीतील निम्मा भाग सोयाबीनच्या कुटाराचा व उरलेला निम्मा भाग तुरीचे कुटार, हरभऱ्याचे कुटार, कडबा किंवा गव्हांडा यांचा ठेवावा. तुरीचे कुटार जानेवारीत आणि हरभऱ्याचे फेब्रुवारीच्या सुमारास हाती येते, हे ध्यानात ठेवून त्याची जागा आधीच राखून ठेवावी.

कुटार साठविण्याच्या बाबतीत पुढील काळजी घेणे अगत्याचे आहे.

मळणीनंतर कुटार दोन-तीन दिवस पसरून चांगले वाळवावे. ओलसर कुटाराचा ढीग आतून तापतो व त्यास बुरशी येते. बुरशी लागलेली वैरण दुभत्या जनावरास कदापि घालू नये. तिच्यातील विष गाईची प्रकृती बिघडविते आणि त्याचा अंश दुधावाटे घरातील मुलांच्या पोटातही जाऊ शकतो.

ढीग उंचवट्यावर, खाली दगड अथवा लाकडे टाकून रचावा, म्हणजे जमिनीची ओल लागणार नाही. वरून ताडपत्री किंवा पऱ्हाट्यांचे व गवताचे छप्पर घालावे. ढीग घरापासून व चुलीपासून दूर असावा, कारण उन्हाळ्यात आगीचे भय मोठे असते.

कुटार घरी आणताना गाठोडी मोजावीत. एक गाठोडे तोलून घेतले, की एकंदर साठा किती हे कळते. ढिगाकडे पाहून केलेला अंदाज नेहमी फसवा असतो.

नवीन वैरण एकदम सुरू करू नये. आठ-दहा दिवसांत थोडी थोडी वाढवीत न्यावी. कुटारावर मिठाचे पाणी शिंपडून ते कालवून दिले असता गुरे ते आवडीने खातात. कडबा असेल, तर पेंढी तशीच न टाकता कुट्टी करून द्यावा. अखंड कडबा टाकल्यास बराच भाग पायदळी जातो, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे.

निकस वैरण सकस करणे

गव्हांडा व कडबा यांवर युरियाची प्रक्रिया केली असता त्यांची पचनीयता व प्रथिनांचे प्रमाण वाढते. १०० किलो वाळलेल्या गव्हांड्यास ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. प्लॅस्टिकच्या कागदावर गव्हांड्याचे थर देऊन प्रत्येक थरावर हे पाणी झारीने सारखे शिंपडावे आणि थर पायांनी घट्ट दाबावा. शेवटी ढीग कागदाने हवाबंद करून २१ दिवस तसाच ठेवावा. त्यानंतर लागेल तेवढी वैरण काढून, तासभर वाऱ्यावर पसरून, तिचा उग्र वास कमी झाल्यावर गुरांना द्यावी.

येथे इशारा देणे अवश्य आहे. युरिया मापाबाहेर घेतला, नीट विरघळला नाही, किंवा युरियाचे पाणी जनावराने प्यायले, तर ते दगावते. सहा महिन्यांखालील वासरांना ही वैरण देऊ नये. तिच्याबरोबर कच्च्या सोयाबीनचा भरडाही घालू नये. पहिल्या वेळी ही कृती पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली करावी आणि हात बसल्यावरच स्वतः करावी.

हिरव्या वैरणीची तरतूद

ज्यांच्या विहिरीस मे महिन्यापर्यंत पाणी टिकते, त्यांनी विहिरीलगत चार-पाच गुंठ्यांत संकरित नेपियर गवत लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला फुले जयवंत हा वाण त्यासाठी उपयुक्त आहे. लागणीनंतर पहिली कापणी दोन ते अडीच महिन्यांनी आणि पुढील कापण्या दीड-दोन महिन्यांच्या अंतराने मिळतात. गोठ्यातील सांडपाणी व मूत्र या वाफ्याकडे वळविल्यास पाणी व खत या दोहोंची बचत होते. मात्र नुसत्या नेपियरवर विसंबू नये. त्यासोबत लसूणघास, बरसीम किंवा चवळी यांसारखी द्विदल वैरण थोडी तरी असावी.

परंतु आपल्याकडील पुष्कळ विहिरी होळीच्या आसपासच तळ दाखवितात. त्यांच्यासाठी मुरघास हाच खरा मार्ग होय. पावसाच्या पाण्यावर पिकविलेला हिरवा चारा उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवणे, म्हणजे मुरघास. लोणचे जसे हवाबंद राहिले तरच टिकते, तसेच याचेही आहे.

दोन गाईंना ३० क्विंटल मुरघास लागेल हे वर आलेच आहे. चारा मक्याचे उत्पन्न चांगल्या जमिनीत गुंठ्याला सुमारे ५ क्विंटल धरले, तर नासाडीसह सात गुंठे मका पुरेसा होतो. आफ्रिकन टॉल हा वाण त्यासाठी पेरावा. कणसातील दाणा दुधाळ अवस्था ओलांडून चिकाळ होऊ लागला, की कापणी करावी. ही वेळ पेरणीनंतर साधारण ८० ते ९० दिवसांनी येते. धांड्यांची दोन-तीन सेंटिमीटर लांबीची कुट्टी करावी व ती खड्ड्यात किंवा मुरघासाच्या जाड पिशव्यांत थरावर थर देऊन, हवा राहणार नाही अशी तुडवून भरावी. एक घनमीटर जागेत पाच ते सहा क्विंटल मुरघास मावतो. यावरून ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद व सव्वा मीटर खोल खड्डा दोन गाईंच्या उन्हाळ्यास पुरतो, हे दिसून येईल. खड्डा पाणी न लागणाऱ्या उंच जागी असावा व त्यास प्लॅस्टिकचे अस्तर द्यावे.

सुमारे ४५ दिवसांनी मुरघास तयार होतो. चांगला मुरघास पिवळसर हिरव्या रंगाचा असून त्यास आंबूस, गोडसर वास येतो. काळा पडलेला, दुर्गंधी सुटलेला किंवा बुरशीचा भाग काढून टाकावा. तोंड एकदा उघडले, की रोज सारखा थर काढून पुन्हा झाकून ठेवावे. मुरघास दूध काढल्यानंतर घालावा, म्हणजे दुधास वास लागत नाही.

बांधावर शेवरी व सुबाभूळ लावल्यास उन्हाळ्यात पाल्याची जोड मिळते. सुबाभळीचा पाला मात्र एकंदर वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये.

ज्वारीच्या फुटव्यांपासून सावध राहावे

उन्हाळ्यात हिरव्या पानासाठी गुरे आसुसलेली असतात. अशा वेळी कापलेल्या ज्वारीच्या खोडव्यास आलेले कोवळे फुटवे पाहून त्यांत गुरे सोडण्याचा मोह होतो. पाण्याच्या ताणात वाढलेल्या या फुटव्यांत जहरी द्रव्य असते. ते खाल्ले, की जनावराचा श्वास कोंडतो, तोंडास फेस येतो आणि थोड्याच वेळात ते कोसळते. यालाच आपण किराळ लागणे म्हणतो. चाऱ्याची ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच कापून घालावी आणि खोडव्यात गुरे सोडूच नयेत. लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यकास बोलवावे.

आंबोण व क्षार

सुक्या वैरणीने गाईचे पोट भरते, परंतु दूध टिकत नाही. शरीरपोषणासाठी दीड किलो आणि प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम आंबोण द्यावे. म्हणजे सहा लिटरच्या गाईस जवळजवळ ४ किलो होते. आंबोण घरी तयार करता येते. १०० किलो मिश्रणासाठी मका किंवा ज्वारीचा भरडा ३५ किलो, सरकी ढेप २५ किलो, सोयाबीन ढेप १० किलो, तूर अथवा हरभऱ्याची चुनी १७ किलो, गव्हाचा कोंडा १० किलो, खनिज मिश्रण २ किलो व मीठ १ किलो घ्यावे. गाभण गाईस शेवटच्या दोन महिन्यांत नेहमीपेक्षा दीड-दोन किलो आंबोण अधिक द्यावे. या काळात केलेली काटकसर पुढील वेतात वसूल होते, आणि तीही दामदुपटीने.

खुराक महाग झाला म्हणून दुभत्या गाईचे आंबोण अचानक बंद करणे चुकीचे आहे. एकदा आटलेले दूध त्या वेतात पुन्हा पूर्वीइतके क्वचितच वाढते.

पाणी व सावली

उन्हाळ्यात दूध घटते ते केवळ वैरणीअभावी नव्हे. दुभत्या गाईस या दिवसांत ७० ते १०० लिटर पाणी लागते. दिवसातून दोनदा हौदावर नेऊन आणल्याने ही गरज भागत नाही. शक्य तर स्वच्छ, थंड पाणी गव्हाणीजवळ सदैव असावे. हौद सावलीत ठेवावा. संकरित गाईस ऊन विशेष सोसत नाही. गोठ्याच्या पश्चिमेस गोणपाट बांधून ते दुपारी भिजवावे. छपरावर पऱ्हाट्या किंवा गवत पसरावे. सुक्या वैरणीचा मोठा हिस्सा रात्री व भल्या पहाटे घालावा, कारण दुपारच्या उष्म्यात जनावर खाणे टाकते.

मोजमाप काय सांगते

वसुबारसेला साठा मोजावा आणि होळीला तो पुन्हा मोजावा. तोपर्यंत तूर, हरभरा व गहू यांचे कुटार घरात आलेले असते आणि विहिरीची स्थितीही कळलेली असते. दोन्ही वेळचे आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत. बैलजोडी असेल, तर तिचा वाटा आधी वेगळा काढावा. बैलांची वैरण गाईच्या हिशेबात धरल्याने कित्येक हिशेब चुकतात.

हे मोजमाप कधी कधी कटू सत्य सांगते. साठा एका गाईपुरता असेल आणि दावणीला दोन असतील, तर दुसरीसाठी वैरण तरी दिवाळीतच घ्यावी, कारण तेव्हा ती स्वस्त असते. अथवा गाय तरी दिवाळीतच विकावी, कारण तेव्हा ती अंगाने भरलेली असते व तिला योग्य मोल येते. वैशाखात या दोन्ही गोष्टी उलट होतात. दोन उपाशी गाईंपेक्षा एक धष्टपुष्ट गाय अधिक दूध देते, हे समजण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाही.

मालेगाव तालुक्यातील त्या शेतकऱ्याने पुढील दिवाळीस एकही ढीग पेटविला नाही. पती-पत्नींनी गाठोडी मोजून कुटार गोठ्यामागे रचले. भिंतीवर आकडा लिहिला. त्या आकड्याने त्यांना सांगितले, की बैलजोडीचा वाटा काढल्यावर एक गाय व तिची कालवड एवढ्यांचीच सोय होते. दुसरी गाय घेण्यासाठी साठविलेले पैसे हाती असतानाही त्यांनी ती त्या वर्षी घेतली नाही. त्याऐवजी पाच गुंठे मका पेरण्याचे ठरविले. मे महिन्यात प्रस्तुत लेखक पुन्हा तेथे गेला, तेव्हा गाय रवंथ करीत बसली होती आणि घरधनीण अडीच किलोचे तेच टोपले भरीत होती. ढिगाचा तिसरा हिस्सा अद्याप शिल्लक होता.

या कामी लागणारी माहिती व मार्गदर्शन नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात, तसेच अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मिळू शकते. परंतु पहिले काम शेतकरी बंधू-भगिनींचे स्वतःचे आहे, आणि त्यास एक टोपले, एक तराजू व खडूचा एक तुकडा एवढेच साहित्य पुरेसे आहे. येत्या वसुबारसेला गाईस ओवाळून झाले, की ते हाती घ्यावे.